ठळकराव

नाशकात अशोकस्तंभाकडून रविवार कारंज्याकडे चालत निघालात की जिन्यांखालच्या टिचभर खोल्या लागतात. त्यांतल्या एखाद्या खोलीत डोकवा, ठळकराव तिथे सापडेल. पाळण्यातलं नाव निराळं असेल, आडनाव तर खोलीगणिक बदलतं. पण पुढ्यात दोन स्क्रीन, एकावर कोरलड्रॉ, दुसऱ्यावर व्हॉट्सअॅप, मान वाकडी करून खांद्यात धरलेला फोन, आणि फोनवर "हो साहेब, करतो ना, फोटो मोठा करतो" हे चालूच. एवढं सगळीकडे सारखं. मी ज्याच्याकडे मराठी मजकूर तपासायला जातो त्याच्याबद्दल लिहितोय, पण वाचणाऱ्याला आपल्या गावचा आठवला तर माझी हरकत नाही.

हा गृहस्थ वेबसाइटी करतो. आधी फ्लेक्स करायचा, अजूनही करतो. दोन्हींत फरक विचाराल तर तो सांगेल, फ्लेक्सला चार कोपऱ्यांत भोकं पाडून दोरी ओवावी लागते, वेबसाइटला लागत नाही. "शिवाय सर, महापालिकेची गाडी येऊन वेबसाइट काढून नेत नाही." त्याच्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान फ्लेक्सच्या अंगाखांद्यावर वाढलेलं आहे आणि फ्लेक्सचं त्याआधीच्या पेंटरकीच्या. पोरवयात तो एका पेंटरच्या हाताखाली डबे धरायला होता. त्या पेंटरनं त्याला एकच मंत्र दिला: अक्षर धावत्या एसटीतून वाचता आलं पाहिजे. मंत्र खोटा नाही. मुंबई नाक्यावरच्या पाटीला तो लागू पडतोच. ठळकरावानं तोच जसाच्या तसा मोबाइलला लावला. मोबाइल नाकापासून वीतभर अंतरावर असतो आणि तो बघणारा बहुतेक वेळा सोफ्यावर लोळत असतो, हे त्याला मी अनेकदा सुचवलं. तो म्हणतो, "पण सर, लोळणारा माणूस एसटीत बसला तर?"

त्याचं अक्षर घडताना मी जवळून पाहिलं आहे. मूळ अक्षर पिवळं. त्याला लाल कड. लाल कड उठून दिसत नाही म्हणून तिला बाहेरून पांढरी कड. पांढरी कड निळ्या बॅकग्राउंडवर 'उडते' म्हणून मागे काळी शॅडो. शॅडो आली म्हणजे उजेड कुठून तरी आला पाहिजे, म्हणून डाव्या कोपऱ्यात एक चमचमता तारा. एवढ्यावर अक्षराला सोन्याचं पाणी द्यायचं की नाही, हे गिऱ्हाईक आल्यावर त्याच्या गळ्यातली साखळी बघून ठरतं. 'संपर्क' हा तीन अक्षरांचा शब्द असा सजून बसला की खाली फोन नंबर घालायला जागाच उरत नाही. मग नंबर खालच्या पट्टीतून पळतो. तुम्ही पेन शोधेपर्यंत पहिले सहा आकडे डावीकडून पसार झालेले असतात. पुन्हा येतात तेव्हा शेवटचे चार विसरलेले असतात. मी एकदा म्हटलं, अहो, नंबर तरी उभा ठेवा. "उभ्या नंबराकडे कोण बघतं?" असं त्यानं विचारलं, आणि माझ्याजवळ उत्तर होतं पण त्याचा फोन वाजला.

ही पळती पट्टी आणि तिची बहीण लुकलुक, दोघींचा जन्म इथला नव्हे. पट्टी मायक्रोसॉफ्टची, लुकलुक नेटस्केपची. लुकलुकीची जन्मकथा तर ठळकरावाला शोभेल अशी आहे. नेटस्केपमधले लू माँटुली यांनीच पुढे सांगितलं, की 1994 च्या सुमारास एका बारमध्ये बसल्या बसल्या आपण लुकलुकत्या अक्षरांबद्दल थट्टेनं काहीतरी बोललो, आणि एका सहकाऱ्यानं त्याच रात्री ते करूनही टाकलं. सकाळी जगाला लुकलुकता मजकूर मिळाला. थट्टा म्हणून निघालेली गोष्ट आमच्याकडे गांभीर्यानं घेतली जाते, तसंच झालं. क्रोमनं ती कधी घेतली नाही, 2013 मध्ये फायरफॉक्सनंही सोडली. ठळकरावानं सुतक पाळलं नाही. "त्यांनी बंद केलं तर आपण हातानं लुकलुकवू," म्हणाला, आणि दोन चित्रांची जीआयएफ करून 'नवीन' हा शब्द लाल-पिवळा, लाल-पिवळा करत बसवला. फ्लॅश 2020 च्या डिसेंबरअखेर बंद झालं तेव्हा मात्र तो दोन दिवस गप्प होता. त्याच्या जुन्या साइटींच्या मधोमध करड्या चौकटी उमटल्या. एका मंगल कार्यालयवाल्यानं ती चौकट म्हणजे नवीन डिझाइन समजून "सोबर झालं" असा फोन केला, तेवढंच समाधान.

रंगांच्या बाबतीत मी त्याला रहाडीचा दाखला दिला होता. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवाईपासूनच्या दगडी हौदांत लोक धपाधप उड्या मारतात, पण प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. म्हटलं, भाऊ, आपल्या गावची चाल एका हौदात एक रंग अशी आहे. त्यानं क्षणभर विचार केला. "खरंय सर. पण माणूस तीन रहाडींत उड्या मारून दुपारी घरी येतो तेव्हा कसा दिसतो? होम पेज तसं पाहिजे."

आणि रिकामी जागा! साहेबलोकांची पुस्तकं पानावर मोकळी जागा सोडा म्हणून कानीकपाळी ओरडतात. ठळकरावाला मोकळी जागा दिसली की तो अस्वस्थ होतो. "सर, गंगापूर रोडला स्क्वेअर फुटाचा भाव काय चाललाय माहितीय? आणि तुम्ही मला एवढा प्लॉट मोकळा सोडा म्हणताय?" गूगलचं पहिलं पान त्याला दाखवलं तर त्याला कीव आली. एवढी मोठी कंपनी, नुसता एक चौकोन टाकून बसलीय, डिझायनरचे पैसे दिले नसतील. मग त्यानं मला डाव्या बाजूच्या उरलेल्या पट्टीत फिरणारी पृथ्वी, उजव्या बाजूला फडकणारा तिरंगा आणि पृथ्वीच्या खाली लिंबू-मिरची घालून दाखवली. लिंबू-मिरची हॅकरसाठी.

मजकूर तपासायला मी असतो, पण तपासण्यासारखं फार काही त्याच्या हातात राहत नाही. त्याचं सगळं टायपिंग जुन्या श्रीलिपीच्या सवयीतलं. ते ब्राउझरमध्ये चिकटवलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि स्वल्पविरामांचा नुसता लगदा. त्यावर त्याचा तोडगा असा: कोरलमध्ये पान रचायचं, त्याचं एकच भलंमोठं चित्र करायचं आणि तेच साइटवर टांगायचं. अंध माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथं येऊन मुकाट पुढे जातं. चूक सापडलीच तर चुकीच्या अक्षरावर दुसऱ्या अक्षराचं ठिगळ बसतं. ठिगळाचा पिवळा मूळच्या पिवळ्याशी जुळत नाही, म्हणून तिथं एक तारा चमकवायचा. त्याच्या साइटीवर अवेळी तारा दिसला की समजावं, खाली शुद्धलेखन निजलंय. दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सचं ते चित्र पूर्वी उघडेपर्यंत चहा व्हायचा. 2016 मध्ये जिओ आलं आणि त्याचे दिवस पालटले. तेव्हापासून तो चित्र आणखी मोठं करतो.

आता द्राक्षवाल्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. निफाड तालुक्यातले एक बागाईतदार, माल युरोपला पाठवणारे. त्यांना साइट हवी होती. ठळकरावानं जीव ओतला. माउसचा बाण म्हणजे द्राक्षाचा घड. बाण हलला की मागे मण्यांची माळ. आणि कळस असा, की पान उघडलं की वरून हिरवे मणी टपाटप पडायला लागत, अख्खा पडदा भरून. बागाईतदार मुलाला घेऊन बघायला आले. खुर्चीवर बसले, पान उघडलं, मणी पडायला लागले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "बंद करा, बंद करा ते," म्हणाले. मला वाटलं, चला, अखेर एक तरी रसिक भेटला. पण त्यांचं दुःख निराळं होतं. "अहो, ही मणीगळ झाली! बागेत जी टाळायला आपण रात्रीचा दिवस करतो, तीच दाखवायची होय?" खोलीत शांतता पसरली. ठळकराव असल्या प्रसंगी डगमगत नाही. त्यानं मुंडी हलवली, की-बोर्डावर काहीतरी केलं, आणि मणी खालून वर जायला लागले. "बघा दादा. वरून खाली आले तर मणीगळ. खालून वर गेले तर एक्स्पोर्ट." बागाईतदारांनी तिथल्या तिथे ॲडव्हान्स दिला.

त्याच साइटवर सनईचौघडाही होता. पान उघडताच आपोआप वाजणारा आवाज क्रोमनं 2018 मध्ये अडवला, वापरणाऱ्यानं आधी कुठेतरी क्लिक केल्याशिवाय आता तो वाजत नाही. नियम चांगला आहे. पण नियम करणाऱ्यांनी ठळकराव पाहिला नव्हता. त्यानं दारातच पडदाभर बोर्ड टाकला: 'सुस्वागतम्. आत येण्यासाठी इथे दाबा.' दाबलं की ब्राउझरची समजूत पटते, आणि सनई सुरू. रॉटरडॅमच्या कचेरीत कुणीतरी गोरा माणूस सकाळी कॉफीचा कप घेऊन बसला असेल, त्याला मण्याचा आकार किती मिलिमीटर, गोडी किती ब्रिक्स, रेसिड्यू रिपोर्ट आहे का, कंटेनर कधी निघणार, एवढंच बघायचं असेल, आणि अचानक त्याच्या टेबलावर लग्न लागलं असेल, या विचारानं मी कित्येक रात्री हसलो आहे. रेसिड्यू रिपोर्ट साइटवर होता. नाही असं नाही. आजोबांचा फोटो, वडिलांचा फोटो, स्वतः ट्रॅक्टरवर, पंचायत समितीचे सदस्य असलेले धाकटे बंधू, आमदारसाहेब, विठ्ठल-रखुमाई, एवढ्यांना नमस्कार करून खाली उतरलात की सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात. ठळकरावाच्या हातून बारीक झालेलं तेवढं एकच अक्षर.

या फोटोंच्या उतरंडीवर त्याला पीएचडी मिळायला हरकत नाही. कुणाचा फोटो केवढा, कुणाचा कुणाच्या खाली, कुणाची मान कुणाच्या मानेपेक्षा वर जाता कामा नये. त्यासाठी त्याच्याकडे स्वतंत्र वही आहे, आणि निवडणुकीनंतर ती वही नव्यानं लिहिली जाते. एका संस्थेच्या होम पेजवर संस्थेचं नाव सोडून बाकी सगळे होते.

त्याला हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण त्याला जे कळलंय ते साहेबलोकांच्या पुस्तकांत मला मिळालं नाही. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स रस्त्यानं जाणाऱ्या माणसासाठी नसतो. तो ज्याचा वाढदिवस त्याच्यासाठी असतो, आणि खाली ओळीनं उभ्या शुभेच्छुकांसाठी. प्रत्येक शुभेच्छुक येऊन आपला चेहरा शोधतो, मोजतो, फोटो काढतो, जातो. वेबसाइटीचंही तसंच. ती पाहणारा पहिला माणूस मालक, नंतर मालकाचा मेहुणा, मग समोरच्या गल्लीतला त्याच धंद्यातला वैरी. गिऱ्हाईक यात कुठेच नाही. गिऱ्हाईक आलं नाही तर तक्रार करायलाही येत नाही. पैसे मालक देतो, आणि मालकाला 'भरलेलं' वाटावं लागतं.

हे त्यानं पोथीत वाचलेलं नाही, हात पोळून घेतलेले आहेत. सातपूर एमआयडीसीत पार्ट बनवणाऱ्या एका कारखानदाराची साइट त्यानं एकदा मनापासून साधी केली होती. मी साक्षीला होतो. पांढरं पान, काळं अक्षर, कोणकोणती मशिनं आहेत, कुठला पार्ट किती अचूक निघतो, पत्ता, उभा राहिलेला फोन नंबर. सुरेख झाली होती हो. मालक आले, त्यांनी पान वर-खाली सरकवलं, आणि विचारलं, "बरं, सुरू कधी करताय काम?" साइट पूर्ण झाली आहे हे त्यांना पटेना. उरलेले पैसे अडले. दोन आठवड्यांनी ठळकरावानं वर एक गरगर फिरणारं गिअर बसवलं, खाली ठिणग्या, मागे निळा प्रकाश, 'वेलकम' हा शब्द चार दिशांनी चार तुकड्यांत येऊन धडकणारा. संध्याकाळी पैसे खात्यात. ती साधी साइट त्यानं पेन ड्राइव्हवर जपून ठेवली आहे. मी ती पुन्हा दाखवायला सांगितली तर तो विषय बदलतो.

काउंटरचंही असंच. साइटला भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा तो काळा पट्टा आता जगातून जवळपास गेला, आमच्याकडे नांदतोय. तो शून्यापासून कधी सुरू होत नाही. "आहेराच्या पाकिटावर आपण रुपया चिकटलेलाच घेतो ना, तसं," म्हणतो, आणि अकरा हजार एकशे एकपासून सुरुवात करतो. ज्यांचा धंदा जुना, त्यांना एक लाख एक.

मिसळवाल्याच्या साइटीवर मात्र माझा त्याच्याशी खरोखर खटका उडाला. नाशकात रविवारी सकाळी मिसळ ही चैन नसते, कर्तव्य असतं. पोरं गाडीत भुकेली, बायको शेजारी, आणि तुम्हाला फक्त एवढंच बघायचंय की उघडलंय का आणि वळायचं कुठे. पान उघडतं. 'तुम्ही खरे मिसळप्रेमी आहात का?' खाली दोन बटणं: 'हो' आणि 'नक्कीच'. फुली कुठेच नाही. दाबलं की लाल रश्श्याची लाट वरपासून खालपर्यंत. मग 'आमच्या बातम्या हव्यात का?' मग कोपऱ्यात व्हॉट्सअॅपचं चिन्ह थरथरायला लागतं, शेजारी घंटा. मग पापड उडत येतो, अगदी नकाशावर बसतो. म्हटलं, भाऊ, पापड तरी उचला! ही उपटसुंभ खिडकी ज्यानं पहिल्यांदा लिहिली त्या ईथन झुकरमन यांनी 2014 मध्ये जगाची जाहीर माफी मागितली, हेही सांगितलं. ठळकराव खरंच हळहळला. "माफी कशाला मागितली? रॉयल्टी मागायची ना भो!"

नुसताच भडक आहे असंही म्हणता येत नाही, त्याला मर्यादा आहेत. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं काम आलं की तो आवाज खाली घेतो. मुलगा रडवेला होऊन आजीचा फोटो घेऊन आला होता. हाताखालच्या पोऱ्यानं सवयीनं नावाभोवती चमक टाकली, तर ठळकराव त्याच्यावर खेकसला. "माणूस गेलंय इथं. इथं ब्लिंक नाही. फेड." मग स्वतः खुर्चीत बसून त्यानं आजीच्या साडीचा काठ नीट दिसेल एवढा फोटो उजळला, आणि पैसे घेतले नाहीत.

माझ्याशी वाद हरायला आला की तो भिंतीकडे बोट दाखवतो. भिंतीवर दादासाहेब फाळके आहेत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये पडद्यावर आणणारे, शेवटी नाशकातच देह ठेवलेले. ठळकरावाच्या मते ते आपले पहिले डिझायनर. सुरतेला चित्रपट लावला, माणूस फिरकेना. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत. "सांगा सर, ठळक नाही का हे?"

आहे, ठळक आहे. पण मी म्हटलं, त्यात सनई नाही. आकडे आहेत आणि शेवटी भाव आहे. तीन आणे. तुमच्या एका तरी साइटीवर भाव आहे का?

"भाव फोनवर सांगतात सर. भाव लिहिला तर फोन कोण करेल?"

आणि फोन नंबर?

"पळतोय ना खाली."

परवा त्याच्याकडे गेलो तेव्हा 2027 च्या सिंहस्थाचं वारं शिरलेलं होतं. लॉजवाले, ट्रॅव्हल्सवाले, पूजासाहित्यवाले रांगेत, प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा एक दिवा जास्त हवा. मी ठरवूनच गेलो होतो, या खेपेला सौंदर्याची भाषा काढायची नाही, तब्येतीची काढायची. त्याला सांगितलं की 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळे झोत इतके भराभर लखलखले, की शेकडो पोरांना दवाखान्यात न्यावं लागलं. काहींना फिट आली. आणि वेबचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेनंही लिहून ठेवलंय: पानावरची कुठलीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखता कामा नये.

ठळकरावानं फोन खाली ठेवला. चष्मा काढला. लहान पोरांचं नाव निघालं की तो हळवा होतो. "पोरांना त्रास झाला?" त्यानं दोनदा विचारलं. मग बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मला वाटलं, लागलं मनाला.

"तीनपेक्षा जास्त नको म्हणतात?"

"नको."

"म्हणजे तीन चालतात." त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "छोट्या, आपलं लॉजवाल्यांचं सेकंदाला किती होतंय रे?"

"दोन, दादा."

"एक वाढव."